मुकादमाचा प्रतिसाद

११ नोव्हेंबर, मंगळवार

दात हलतोय. खालचा, डावीकडचा. जीभ सारखी तिथेच जातेय, आणि दर वेळी तो मेला जरा जास्तच हलतोय.

सकाळी दहाला वॉर्डात ट्रॉली आली. दगडाच्या खाणीतला मुकादम. वय बासष्ट, छातीत तीस वर्षांची धूळ, वर विड्यांचा धूर. माणूस कसला, दरवाजा! ओठ निळे, मान घामाने थबथबलेली, मिनिटाला अडतीस श्वास. कार्बन डाय-ऑक्साइड थेट डोक्यात चढलेला. समोर सिस्टर आहे की बैल, काही कळत नव्हतं त्याला. धमनीतलं रक्त तपासलं — पीएच ७.२१. निदान ७.३५ तरी हवा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बायपॅप लावा, लगेच. घशात नळी घालायची वेळ आली तर ही छाती परत नळीवरून उतरायची नाही."

लावा म्हणे! हवा आत ढकलणाऱ्या त्या मशीनचा मास्क जवळ नेला तर त्याला वाटलं आम्ही गळा दाबतोय. पहिला ठोसा वॉर्डबॉय मामांच्या बरगडीत. दुसरा माझ्या जबड्यावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले, अगदी खरे, पिवळे. मग लाथा. ट्रे गेला, मॉनिटरची वायर गेली, शेजारच्या खाटेवरचे आजोबा "अरे देवा, अरे देवा" करत पांघरुणात शिरले. मामांनी कसेबसे खांदे धरले. मी उशाशी उभी राहून दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर दाबून धरला. पट्टे नंतर, आधी नुसता हात. "काका, मशीन हवा देतंय, घ्या आत... सोडा... घ्या..." वीस मिनिटं. माझी मनगटं त्याने सोलून काढली.

तासाभराने श्वास तीसवर, पीएच ७.२५. चार तासांनी ७.३०. मुठी आपोआप उघडल्या. मशीन आणि छाती एका तालात चालायला लागली. तक्त्यावर लिहिलं — प्रतिसाद चांगला.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याची बायको कोपऱ्यात उभी होती. बारीकशी, राखाडी स्वेटर, हातात त्याच्या चपला. त्याचा हात उठायच्या आधीच ती बाजूला सरकायची. मामांना आणि मला पत्ता नसायचा ठोसा कुठून येईल. तिला असायचा. दर वेळी!


१२ नोव्हेंबर, बुधवार

पीएच ७.३३. श्वास चोवीस. मास्कची हवा कुठून निसटत नाही. नाकाच्या हाडावर कातडी लाल होऊन सोललीय, तिथे मऊ पट्टी लावली.

दुपारी शुद्धीवर आला, माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मास्क जरा वेळ काढला तेव्हा म्हणाला, "सिस्टर, तोंडाला काय झालं?"

"तुम्ही मारलंत, काका. काल."

"छे! मी बाईमाणसावर हात उचलत नाही."

काकू — म्हणजे त्याची बायको — खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे बघण्यासारखं काही नाही. पाण्याची टाकी आहे.

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही तुमचे नव्हतात, काका. गॅस चढला होता." आणि मला ते खरंच वाटत होतं.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

७.३५! चार चमचे सूप प्यायला. मामा खोकले की बरगडी धरतात, पण आज त्याला दाढी करून दिली त्यांनी. "पेशंटवर राग धरायला लागलो तर पगारात भागायचं नाही," म्हणाले.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं नीट लिहायचंय.

सकाळचं रक्त — ७.३७. श्वास अठरा. मॅडमनी स्वतः त्याला प्रश्न विचारले. आज वार कोणता, कुठे आहात, शंभरातून सात गेले किती. धडाधड उत्तरं दिली. मॅडम खूश. "डोकं एकदम स्वच्छ झालंय. मास्कमधून दोन तास सुट्टी द्या आज."

अकराला मास्क काढला. त्याने पाणी मागितलं. काकूंनी स्टीलच्या जगमधून पेल्यात ओतून दिलं. त्याने एक घोट घेतला. पेला शांतपणे टेबलावर ठेवला. मग जग उचलला आणि फेकला.

आरडाओरडा नाही, शिवी नाही, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सहा-सात फुटांवरून जग बरोबर काकूंच्या भुवईवर. हाडावर धातू आपटल्याचा तो आवाज! रक्त डोळ्यात, गालावर, स्वेटरवर. या वेळी त्या सरकल्या नव्हत्या. बेसावध होत्या बिचाऱ्या. तीन दिवस तो शांत होता ना!

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पाणी कोमट होतं."

मी त्याच्या बोटावरचं यंत्र पाहिलं. ऑक्सिजन नव्वद. नाडी ब्याऐंशी. ब्याऐंशी! माझीच शंभराच्या वर गेली असेल.

मंगळवारी मारलं ते गॅसने. आज मारलं ते त्याने. मी चार दिवस राबून, दात हलवून घेऊन, हाच माणूस परत आणला.

काकूंना ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. तीन टाके. सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. म्हणाल्या, "नेम चांगला आहे त्यांचा. पहिल्यापासून." मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हत्या. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत त्यांची. त्याने दाराच्या फटीत घालून दार लोटलं होतं. गळ्याखालचं हाड एका बाजूला उंच आहे, ते नुसतंच जुळलं, दवाखान्यात गेल्याच नाहीत.

मी टाका बांधत होते तेव्हा त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "सिस्टर, डॉक्टर म्हणाल्या गॅस डोक्यात चढला की माणूस मारतो. मग आमच्याकडे पस्तीस वर्षं चढलेलाच होता का हो?"

मी कात्रीने दोरा कापला.


१५ नोव्हेंबर, शनिवार

पुढच्या काळजीचं ठरवायला मॅडमच्या खोलीत बसलो. मॅडम, मी, काकू. मुलगा क्रेन चालवतो, त्याला सोमवारशिवाय सवड नाही.

मॅडमचं म्हणणं सरळ आहे. यंदाची ही तिसरी खेप. गॅस पूर्ण उतरत नाही, झोपेत परत साठतो. म्हणजे घरी मशीन हवं, रोज झोपताना मास्क. त्याने पट्टे ओढून काढले तर परत लावणारं कुणीतरी शेजारी हवं. आणि पुढच्या वेळी मास्कने भागलं नाही तर नळी घालायची की नाही, हे तो शुद्धीत असतानाच त्याला विचारून ठेवायचं.

तक्त्यात एक ओळ असते — घरी काळजी घेणारी व्यक्ती. मॅडमनी पेन उचललं, "पत्नी. बरोबर ना?" काकूंनी मान हलवली. भुवईवर तीन टाके असताना!

मग शिकवणं माझ्याकडे, ड्रेसिंगच्या खोलीत. मास्क मी स्वतःच्याच तोंडावर लावून घेतला आणि काकूंना पट्टे ओढायला सांगितले. पट्ट्याखालून दोन बोटं गेली पाहिजेत. त्यांची न वाकणारी बोटं माझ्या गालापाशी चाचपडत होती. हलकी, गार. पहिल्या खेपेला चुकल्या, दुसऱ्या खेपेला अगदी बरोबर. घरातलं कुणी इतक्या पटकन शिकलेलं मी पाहिलं नाही.

मास्क काढला तर विचारतात, "रात्री मास्क निघाला आणि कुणी लावलाच नाही, तर किती वेळ लागतो?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळ्याला डोळा देऊन, पहिल्यांदाच.

"कशाला विचारता, काकू?"

"भीती वाटते म्हणून."

"त्यांच्या जिवाची?"

"नाही. माझ्या हाताची."

मी दार लावून घेतलं आणि विचारलं — जे मंगळवारीच विचारायला हवं होतं — "काकू, तुम्हाला ते घरी हवेत का?"

मशीन रिकामीच हवा फुंकत होतं, ते त्यांनी बंद केलं. मग म्हणाल्या, "आईने विचारलं नाही, भावाने विचारलं नाही, पोराने तर नाहीच. तुम्हीच पहिल्या." आणि मग, "नको."

एवढंच. नको. पण इतकं स्पष्ट!

मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, बोटांचंही. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "प्रतिसाद इतका छान, आणि पाठवायचं कुठे?" शहराबाहेर एक शुश्रूषा केंद्र आहे, मशीनवरचे पेशंट ठेवतात, पुरुष मदतनीस आहेत. मॅडम म्हणाल्या, "घरचे बोंब मारतील. तुझ्या हाताने लिहिशील?"

लिहिलं. "घरी काळजी घेणारी व्यक्ती नाही." खाली सही, वेळ, सगळं.


१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. भांडी घासताना आई म्हणाली, "त्या पातेल्याने तुझं काय घोडं मारलंय?" बघते तर तारेच्या घासणीने माझीच बोटं सोलली होती.

एक लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे. मंगळवारी ठोसा खाल्ल्यावर मी मास्क गरजेपेक्षा जोरात दाबला. कळत होतं मला. त्याच्या नाकावरची जखम मशीनची नाही. माझी आहे.


१७ नोव्हेंबर, सोमवार

मी माणसाचा हात मोडला.

चार वाजता भेटीची वेळ. मुलगा आला. बापाचाच साचा — तीच रुंदी, तेच जड हात. काखेत हेल्मेट. बापाला मास्क लावलेला होता, दुपारच्या झोपेसाठी. मुलाने कॉटला अडकवलेला तक्ता उचलला, वाचला, आणि वॉर्डाला लागून नातेवाइकांची खोली आहे — मध्ये काचेचं दार — तिथे आईला घेऊन गेला. मी औषधांच्या कपाटाशी होते.

आधी आवाज आला. "लोकांसमोर बापाची अब्रू काढतेस? कुठल्या केंद्रात टाकतेस त्यांना?" काकूंचा आवाज ऐकू आला नाही. मग धप्पकन काहीतरी.

काचेतून दिसलं. हेल्मेट हातात, तो ते चेहऱ्यावर मारत होता. खिळा ठोकल्यासारखं. एक. दोन. काकू भिंतीला घसरत खाली, टाके उसवलेले, तोंडातून रक्ताची लाळ. तीन.

मी "मामा!" म्हणून ओरडले. मामा दुसऱ्या टोकाला. हाताशी सलाईनचा स्टँड होता. मी तो उचलला. कसा उचलला माहीत नाही, खाली लोखंडी बूड असतं त्याला, एरवी ढकलताना कंबर धरते. दार पायाने उघडलं. त्याने हेल्मेट चौथ्यांदा वर नेलं होतं. मी स्टँड फिरवला आणि त्याच्या हातावर घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज. हेल्मेट पडलं. तो गुडघ्यांवर आला, हात पोटाशी धरून. तोंड उघडं, आवाज नाही.

तिथे थांबायला हवं होतं.

मी दुसऱ्यांदा मारलं. त्याच हातावर.

आणि बरं वाटलं! देवा, किती बरं वाटलं! तिसऱ्यांदा उचलला होता, मामांनी मागून मिठी मारली. "सिस्टर, सोडा. सोडा म्हणतो ना. बास."

मामा काकूंपाशी बसले. आणि मला वॉर्डातून मशीनचा गजर ऐकू आला.

मुकादमाने मास्क ओढून काढला होता. उठून बसला होता, काचेकडे बघत, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, आणि उरलासुरला श्वास खर्चून ओरडत होता — "हाण! हाण तिला!" पोराला सांगत होता. पोरगा खाली पडलाय हे त्याला दिसलंच नव्हतं. त्याला फक्त ती दिसत होती.

ऑक्सिजन ७४. श्वास चाळीस. ओठ पुन्हा निळे.

दोन मिनिटं, फार तर पाच. मी नुसतं उभं राहायचं होतं. कुणी काही म्हटलं नसतं — बाहेर तसला गोंधळ! मला कळत होतं. हातांना तर फारच कळत होतं, ते अजून त्या दांडीच्या आकारात वळलेले होते.

मी मास्क उचलला. उशाशी गेले. "काका, घ्या आत. सोडा. घ्या." त्याने माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. मी एका हाताने लावला. या वेळी दाबला नाही. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. नाकावरची पट्टी सरकली होती, ती सारखी केली. तोवर मॅडम धावत आल्या.

तासाभराने रक्त. ७.२९. त्यानंतर ७.३२. तो झोपला.

मग मी संडासात जाऊन ओकले.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

मेट्रनबाईंनी बोलावलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. "बावीस वर्षांची नोकरी तुझी, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?" ओरडल्या आणि मग स्वतःच्या डब्यातलं मला खायला लावलं.

मुलाच्या हाताची दोन्ही हाडं मोडलीत. आत धातूची पट्टी घालून शस्त्रक्रिया. पोलिसांना त्याने सांगितलं — आई पाय घसरून टेबलावर पडली, मी उचलायला गेलो, ही बाई वेडी होऊन अंगावर आली. त्या खोलीत कॅमेरा नाही. मामा म्हणतात मी सांगतो काय ते, पण ते पोचले तेव्हा त्यांना फक्त माझा स्टँड दिसला होता, हेल्मेटचा मार नाही.

काकू तिसऱ्या मजल्यावर. जबडा मोडलाय, तारेने बांधलाय. कानाचा पडदा फाटलाय. भेटायची मला मनाई.

मॅडम जिन्यात भेटल्या. हळूच म्हणाल्या, "एक फटका मी समजू शकते. कुणालाही समजावून सांगेन. दुसरा कशाला गं?"

मी जिना उतरत राहिले. दुसरा मला हवा होता, मॅडम. पहिला काकूंसाठी होता. दुसरा माझा.

आईला सगळं सांगितलं. ती एका कानाने कमी ऐकते, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं, खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "बाई पोराच्या बाजूने बोलेल. आई आहे ती." मीही तेच धरून बसलेय. काकूंचा रागही येत नाही. पस्तीस वर्षं सरकत जगलेली बाई, ती आत्ता कुठे उभी राहणार?


१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमचा फोन. मुकादम ७.३६. मास्क आता मुकाट लावून घेतो. शुद्धीत, साक्षीदारांसमोर विचारलं — पुढे नळी नको म्हणाला, मास्कपुरतंच ठेवा. शुक्रवारी त्याला शुश्रूषा केंद्रात हलवतायत. बायको येणार नाही असं सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "मग पाणी कोण देणार?"

मॅडम म्हणाल्या, "कागदावर सांगायचं तर आपलं काम उत्तम झालंय."

उद्या जबाब. नोकरी जाईल. तुरुंगाचंही म्हणतायत. खोटं बोलणार नाही, दोन्ही फटके सांगणार. झोप नाही.


२० नोव्हेंबर, गुरुवार

माझ्याआधी काकूंचा जबाब घेतला. जबडा बांधलेला, म्हणून लिहून. पोलिसाने तो त्यांच्यासमोरच मला वाचून दाखवला. "मुलगा मला हेल्मेटने मारत होता. स्टँड मी उचलला. दोनदा मारला. सिस्टर तेव्हा आत माझ्या नवऱ्याला मास्क लावत होत्या. त्यांना मी नंतर धरायला दिला."

"बरोबर आहे का?" त्याने विचारलं. मी तोंड उघडलं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या काकूंनी बाकावरून पाटी ओढली, त्या दोन ताठ बोटांमध्ये पेन्सिल धरली आणि फक्त मलाच दिसेल अशी लिहून धरली —

"राहू द्या ना सिस्टर. एकदा तरी मी मारलं असू दे."